माशाचा अर्थ : चिनी चित्रपरंपरेतील शुभचिन्हांच्या वाचनासंबंधी

१

शुभचिन्हांविषयी लिहिताना आपली समीक्षा बहुधा कोशाचा आश्रय घेते. कमळ म्हणजे पावित्र्य, हत्ती म्हणजे ऐश्वर्य, मासा म्हणजे समृद्धी, अशा जोड्या लावल्या की चिन्हाचे काम संपले असे मानले जाते. चिनी चित्रकलेच्या वाट्याला ही कोशवृत्ती विशेष आली आहे. जपानी संग्राहक नोझाकी यांनी १९२८ साली त्येनजिन येथे शुभाकृतींचा जो सविवरण संग्रह सिद्ध केला, त्यासारख्या ग्रंथांनी हे क्षेत्र अभ्यासकांना उपलब्ध करून दिले. परंतु त्यांच्या आधारे पुढे रूढ झालेल्या हस्तपुस्तिकांनी प्रत्येक आकृतीसमोर एक नाम लिहून ठेवले. माशासमोर लिहिलेले नाम ‘विपुलता’ असे आहे. त्याचे कारणही सर्वत्र एकच दिले जाते : चिनी भाषेत ‘मासा’ या अर्थाचा शब्द ‘यू’ आणि ‘शिल्लक’ किंवा ‘उरणे’ या अर्थाचा शब्दही ‘यू’.

हे स्पष्टीकरण खोटे नाही, अपुरे मात्र आहे. त्याचा अपुरेपणा तीन प्रश्नांनी उघड होतो. हा संबंध केव्हापासून शक्य झाला? तो शब्दाच्या कोणत्या शक्तीवर उभा आहे? आणि तिसरा प्रश्न, जो कोशाला पडतच नाही : हा मासा कोणत्या ‘अर्था’त बोलतो? मराठी व्याकरणात ‘अर्थ’ ही संज्ञा आशयाप्रमाणेच क्रियापदाच्या वृत्तीसाठीही वापरली जाते. स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ, संकेतार्थ हे तिचे भेद होत. ‘धान्य उरले’ हे स्वार्थी विधान आणि ‘धान्य उरो’ हे आशीर्वादपर आज्ञार्थी वचन यांत धान्य तेच, उरणे तेच, तरी दोन्हींचा सत्याशी असलेला संबंध सर्वस्वी भिन्न आहे. चिनी चित्रांतील मासा या दुसऱ्या प्रकारचे वचन आहे आणि त्याला पहिल्या प्रकारचे समजून वाचणे हे केवळ समीक्षेचे स्खलन नसून इतिहासात त्याची जबर किंमत मोजली गेली आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

२

प्रथम काळाचा प्रश्न. शीआनजवळ बानपो येथे १९५४ ते १९५७ या काळात झालेल्या उत्खननात नवाश्मयुगीन वसाहत उजेडात आली. सुमारे सहा हजार वर्षांहूनही जुन्या अशा तेथील रंगीत भांड्यांवर मासे आहेत. काहींवर मनुष्यमुख आणि मासा यांचा संयोग आहे. लोकप्रिय लेखनात या माशांपासूनच विपुलतेच्या प्रतीकाची अखंड परंपरा सुरू केली जाते. परंतु मनुष्यमुख आणि मासे चितारलेली ही भांडी बालकांच्या अस्थिकुंभांवर झाकण म्हणून ठेवलेली होती. मृत बालकाच्या कुंभावरील माशाला ‘शिल्लक’ या शब्दाचा श्लेष चिकटवणे म्हणजे सहा हजार वर्षांपूर्वीच्या कुंभाराच्या तोंडी आजच्या बीजिंगचा उच्चार घालणे होय.

उच्चाराचा हा मुद्दा लाक्षणिक नाही. सन ६०१ मध्ये सिद्ध झालेल्या ‘छिएयुन’ या यमककोशावरून मध्ययुगीन चिनीची ध्वनिव्यवस्था बऱ्याच निश्चितपणे मांडता येते. त्या व्यवस्थेत ‘मासा’ आणि ‘शिल्लक’ हे शब्द एकाच यमकवर्गात पडतात. परंतु त्यांची आद्य व्यंजने वेगळी आहेत. ‘मासा’ हा शब्द ङकाराने सुरू होतो, ‘शिल्लक’ यकारसदृश ध्वनीने. म्हणजे तांग काळातील कवीला या दोन शब्दांचे यमक साधता आले असते, निर्दोष श्लेष साधता आला नसता. उत्तरेकडील बोलींत हा आद्य ङकार पुढे लोपला. नाट्यगीतांच्या रचनेसाठी जोउ दछिंग याने १३२४ साली सिद्ध केलेल्या ‘जोंगयुआन यिनयुन’ या ग्रंथात हे शब्द समानोच्चारी म्हणून एका गटात आलेले आहेत. दक्षिणेच्या अनेक बोलींत मात्र ते आजही भिन्न आहेत. शांघायच्या बोलीत आणि हाक्का बोलीत मासा हा जवळजवळ निव्वळ नासिक्य ध्वनी आहे. ‘शिल्लक’ तसा नाही.

यावरून १३२४ पूर्वी कोणी ही कोटी केलीच नसेल, असे सिद्ध होत नाही. सैल ध्वनिसाम्यावरही कोटी उभी राहते. नऊ माशांच्या चित्राचे उदाहरण घ्यावे. ‘शीजिंग’ या प्राचीन काव्यसंग्रहातील ‘त्येनबाओ’ या रचनेत राजाचे अभीष्ट चिंतताना ‘रू’ म्हणजे ‘सारखे’ हा शब्द नऊ वेळा येतो. हे नऊ ‘रू’ पुढे दीर्घायुष्याच्या शुभेच्छेचे संक्षिप्त रूप झाले आणि ‘रू’शी ‘यू’चे जवळचे ध्वनिसाम्य धरून त्यांच्या जागी नऊ मासे चितारले जाऊ लागले. उपमावाचक अव्ययाचे असे मूर्त रूप अन्यत्र क्वचितच सापडेल. येथे मासा कशाचीच उपमा नाही. तो ‘सारखे’ या शब्दाच्याच जागी पोहतो आहे.

निष्कर्ष एवढाच की माशाची शुभता हा एक अखंड प्रवाह नाही. तिच्यात वेगवेगळ्या काळांचे आणि वेगवेगळ्या यंत्रणांचे थर आहेत. पीत नदीवरील लोंगमेनचा प्रपात ओलांडणारा कार्प मासा ड्रॅगन होतो, ही आख्यायिका राजसेवेच्या परीक्षेत उत्तीर्ण होणाऱ्यांची प्रतिमा झाली. तेथे श्लेष नाही, कथा आहे. ती परीक्षापद्धती १९०५ मध्ये रद्द झाल्यावरही कथा उरली. कवी आणि अभ्यासक वन यीत्वो यांनी १९४५ साली माशावर लिहिलेल्या निबंधात ‘शीजिंग’पासून लोकगीतांपर्यंत मासा हा प्रियकर-प्रेयसीचा गूढ वाचक कसा आहे आणि मासेमारी हा प्रणययाचनेचा संकेत कसा आहे, हे दाखवले. तेथेही श्लेष नाही. प्रजननाशी जोडलेला लोकसंकेत आहे. बौद्ध अष्टमंगलांतील मत्स्ययुग्म तर भारतातून गेले. मथुरेच्या जैन आयागपटांवर ते आपण पाहतो. संस्कृतातील ‘मत्स्य’ शब्दात विपुलतेचा कोणताही ध्वनी नाही. तेच युग्म चीनमध्ये पोहोचल्यावर मात्र तेथील कानांना त्यात आणखी काही ऐकू येऊ लागले. आकृती एकच राहून तिची वाचकशक्ती बदलू शकते, याचे हे चांगले उदाहरण आहे.

३

आता शक्तीचा प्रश्न. यांगल्यूछिंग येथील काष्ठठशांच्या नववर्षचित्रांत गुबगुबीत बालक कार्प माशाला कवटाळून बसलेले असते आणि जवळ कमळ असते. कमळ ‘ल्येन’, आणि ‘एकापाठोपाठ एक, सलग’ या अर्थाचा शब्दही ‘ल्येन’. मासा ‘यू’. दोन्ही मिळून ‘वर्षानुवर्षे शिल्लक राहो’ असे वाक्य तयार होते. सोनेरी मासा असेल तर ‘जिन-यू’ या उच्चारातून ‘सोने आणि जेड’ ऐकू येते. ‘क्वेइ’ नावाच्या माशात उच्चपदवाचक ‘क्वेइ’ ऐकू येतो. कार्पला कोणी ‘यू’ न म्हणता त्याच्या जातिनामाने ‘ली’ म्हटले, तर त्यातून ‘लाभ’ निघतो.

या चिन्हांना ‘प्रतीक’ म्हणण्यात अडचण आहे. प्रतीकात वाच्य वस्तू आणि सूचित आशय यांच्यात काही आंतरिक साधर्म्य असावे, अशी आपली अपेक्षा असते. दिवा आणि ज्ञान यांच्यात ते आहे. मासा आणि शिल्लक यांच्यात वस्तू म्हणून काहीच साधर्म्य नाही. आनंदवर्धनाने नवव्या शतकात केलेला शब्दशक्तिमूल आणि अर्थशक्तिमूल ध्वनीचा भेद येथे उपयोगी पडतो. पहिल्या प्रकारात शब्द बदलला की व्यंग्य नाहीसे होते; शब्दाला परिवृत्ती सहन होत नाही. चिनी शुभचित्र याच जातीचे आहे, पण एका विलक्षण फरकाने : ज्या शब्दावर सारे अवलंबून आहे, तो शब्द चित्रात नाहीच. चित्रात आहे वस्तूची आकृती. पाहणाऱ्याने आकृतीवरून नाम आठवायचे, नाम मनात उच्चारायचे, त्या उच्चारातून दुसरा शब्द ऐकायचा आणि मग आशयाला पोहोचायचे. नाम चुकले की आशय चुकला. लिपीही येथे मदतीला येत नाही, कारण ‘मासा’ आणि ‘शिल्लक’ यांची पारंपरिक चिन्हाक्षरे वेगळी आहेत. म्हणून हे चित्र डोळ्यांनी पुरते वाचताच येत नाही. ते ऐकावे लागते. काव्य आणि चित्र यांच्या सख्याविषयी सू शी (१०३७–११०१) याच्या काळापासून चिनी विद्वज्जनांनी पुष्कळ लिहिले. परंतु शब्द आणि चित्र यांचे हे ठशांच्या चित्रांतील, बाजारातले आणि स्वयंपाकघरातले सख्य त्या चर्चेत फारसे डोकावले नाही. प्रत्यक्षात सोंगकालीन अभिजात चित्रांतही असा शब्दखेळ आहे, हे बाइ छ्येनशेन यांच्या १९९९ सालच्या अभ्यासाने दाखवून दिले आहे.

एक आक्षेप येथे संभवतो. ज्या बोलींत श्लेष जुळत नाही, तेथील घरांतही नववर्षाला मासा आहेच. मग श्लेषावर एवढा भर कशाला? उत्तर आपल्याच शास्त्रात आहे. ‘कुशल’ म्हणजे मुळात दर्भ खुडणारा. आज तो शब्द उच्चारताना कोणालाही दर्भ आठवत नाही. या निरूढ लक्षणेप्रमाणेच यू–यू हा श्लेष राजभाषेच्या आधाराने सर्वत्र पसरला आणि रूढी झाला. कान जेथे साक्ष देत नाही, तेथे परंपरा साक्ष देते.

उरतो तिसरा प्रश्न. एदुआर शाव्हान यांनी १९०१ साली फ्रेंचमध्ये चिनी लोककलेवर जो प्रबंध लिहिला, त्याच्या शीर्षकात ‘प्रतीक’ हा शब्द नाही. ‘इच्छांची अभिव्यक्ती’ असे शब्द आहेत. ही निवड मर्मग्राही होती. भामहाने काहींच्या मताने ‘आशीः’ हा अलंकार नोंदवला, दंडीने तो आपल्या अलंकारांत समाविष्ट केला. उत्तरकालीन आलंकारिकांनी त्याची फारशी दखल घेतली नाही. चिनी शुभचित्र समजून घ्यायला हा उपेक्षित अलंकार कोणत्याही प्रतीककल्पनेपेक्षा जवळचा आहे. नववर्षाच्या पूर्वरात्री पानात मासा वाढतात आणि तो सगळा संपवत नाहीत. थोडा उद्यासाठी ठेवतात. ‘उरो’ हे क्रियापद येथे कृतीने उच्चारले जाते. आशीर्वचनाचे वैशिष्ट्य असे की ज्याची इच्छा केली जाते, ते अजून नाही, हे त्यात गृहीत असते. भरल्या कोठाराच्या दारावर आणि रिकाम्या कोठाराच्या दारावर चित्र तेच असते; पण त्याला जीव येतो तो दुसऱ्या दारावर.

४

या आशीर्वचनपरंपरेला समांतर अशी माशाची आणखी एक परंपरा आहे आणि तिचा उगम एका वादात आहे. ‘च्वांगत्सु’ ग्रंथाच्या सतराव्या अध्यायात हाओ नदीवरील पुलावर च्वांगत्सु आणि तर्ककुशल हुइत्सु उभे आहेत. माशांचे स्वच्छंद विहरणे पाहून च्वांगत्सु म्हणतो की हाच माशांचा आनंद. तू मासा नाहीस, तुला तो कसा कळला, असे हुइत्सु विचारतो. वाद वाढत जातो आणि अखेरीस च्वांगत्सु प्रश्नाच्या शब्दांवरच येतो. हुइत्सुने वापरलेला ‘आन’ हा प्रश्नवाचक शब्द ‘कसे’ आणि ‘कोठून’ असे दोन्ही अर्थ देतो. च्वांगत्सु दुसरा अर्थ पकडून सांगतो की मला ते इथून, या पुलावरून कळले. म्हणजे परचित्तज्ञानाची ही गहन चर्चादेखील एका श्लेषावर येऊन थांबते. विद्वानांचा मासा आणि बाजारातला मासा यांत आपण मानतो तेवढे अंतर नाही.

सोंग सम्राट ह्वेइत्सोंगच्या चित्रसंग्रहाची सूची ‘श्वानहे ह्वापू’ हिच्या प्रस्तावनेचे वर्ष ११२० आहे. तिच्यातील दहा विषयवर्गांत ‘ड्रॅगन आणि मासे’ हा पाचवा वर्ग आहे. या वर्गाच्या विवेचनात एक मार्मिक तक्रार आढळते : मासे काढणारे चित्रकार बहुधा स्वयंपाकघरातील फळीवरचे मासे काढतात, त्यांत पाण्यातील गती नसते. ल्यू त्साइ या चित्रकाराविषयी लिहिताना सूचिकार हा प्रश्न आणखी टोकदार करतात. पर आणि खवले स्वच्छ दिसले तर तो मासा पाण्यातला नव्हे. आणि पाण्यातला असेल तर ते स्वच्छ दिसणार नाहीत. म्हणजे नेमके रेखाटन मासा मारते. ल्यू त्साइच्या नावे सांगितला जाणारा, गळून पडलेल्या फुलांमागे धावणाऱ्या माशांचा पट सेंट लुईसच्या कलासंग्रहालयात आहे. त्यात पाणी काढलेलेच नाही, तरी रंगाच्या फिकट-गडद छटांनी मासे कमी-अधिक खोल गेल्याचा प्रत्यय येतो.

जोउ दोंगछिंग याचा ‘माशांचा आनंद’ हा पट (न्यू यॉर्कचे मेट्रोपॉलिटन संग्रहालय) १२९१ सालचा आहे. दक्षिण सोंग सत्ता १२७९ मध्ये मंगोलांपुढे संपली होती. पट त्यानंतर बारा वर्षांनी चितारला गेला. त्यावरील स्वलिखित लेखात चित्रकार हाओच्या पुलावरील प्रश्न पुन्हा विचारतो : आपण मासे नाही, मग त्यांचा आनंद जाणणार कसा? त्याचे उत्तर ज्ञानाचा दावा करत नाही. मनातील कल्पना घेऊन चित्र करावे, एवढेच तो म्हणतो. हे विधान स्वार्थी नाही, हे लक्षात घ्यावे. ‘मासे आनंदी आहेत’ असे येथे म्हटलेले नाही. आनंद असा असू शकतो, एवढी शक्यता चित्राने उभी केली आहे. लोकचित्रातील आशीर्वचन आणि विद्वच्चित्रातील ही कल्पना, दोन्ही वास्तवाचे विधान टाळतात. या एका बाबतीत दोन परंपरा सख्ख्या आहेत.

५

बादा शानरेन या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जू दा (१६२६–१७०५) याच्या माशांजवळ या दोन्ही परंपरा येऊन थबकतात. तो नानछांगचा, मिंग राजकुळातला. १६४४ मध्ये मिंग सत्ता कोसळली. १६४८ मध्ये तो बौद्ध भिक्षू झाला. त्याला ओळखणाऱ्या शाओ छांगहेंग याने लिहिलेल्या चरित्रात अशी हकिगत आहे की एके दिवशी त्याने आपल्या दारावर ‘मुका’ हे अक्षर मोठे काढून ठेवले आणि त्यानंतर तो कोणाशी बोलेनासा झाला. त्याचे मासे रिकाम्या कागदावर एकटे असतात. पाणी नाही, वनस्पती नाही, काठ नाही. डोळ्याचे बुबुळ वर चढलेले, जणू पाहणाऱ्याकडे तो तिरस्काराने पाहतो आहे.

१६९४ च्या त्याच्या चित्रसंपुटात (सेनोकू हाकुकोकान, क्योटो) एकटाच एक ‘क्वेइ’ मासा आहे. बाजारातील कोणत्याही कानाने त्यात ‘उच्चपद’ ऐकले असते आणि चितारणारा तर पदच्युत राजकुळाचा वंशज होता. हा उपरोध हेतुपुरस्सर होता की काय, हे ठरवण्याच्या भरीस न पडताही एक गोष्ट म्हणता येते. शुभचित्राला सोबत लागते. कमळाशिवाय ‘सलग’ नाही, नवाच्या आकड्याशिवाय दीर्घायुष्य नाही; शब्दांप्रमाणेच चित्राकृतींनाही वाक्य होण्यासाठी अन्वय हवा. बादाने हा अन्वयच तोडला. त्याचा मासा हा वाक्यातून बाहेर काढलेला शब्द आहे. तो उच्चारता येतो, पण त्याने कोणाला आशीर्वाद देता येत नाही.

मात्र बादाला शब्दखेळाचा शत्रू समजणेही चूक ठरेल. त्याच्या स्वाक्षरीतील चार अक्षरे एकमेकांत अशी मिसळलेली असतात की ती ‘हसतो’ किंवा ‘रडतो’ अशा अर्थाच्या शब्दांसारखी दिसतात. श्लेष त्याने टाकला नाही. तो माशातून काढून स्वतःच्या नावात ठेवला. आशीर्वचन द्यायला जग उरलेले नसताना श्लेषाचे काय होते, याचे उत्तर त्या स्वाक्षरीत आहे.

६

विसाव्या शतकात या आशीर्वचनाचे जे झाले, ते या इतिहासातील सर्वांत गंभीर प्रकरण आहे. नोव्हेंबर १९४९ मध्ये, म्हणजे लोकप्रजासत्ताकाच्या स्थापनेनंतर दोन महिन्यांच्या आत, सांस्कृतिक मंत्रालयाने नव्या नववर्षचित्रांविषयी निर्देश काढला. देवदेवता मागे पडाव्यात आणि श्रमिकांचे नवे जीवन चित्रांत यावे, ही त्याची दिशा होती. मासा मात्र टिकला, कारण तो देव नव्हता. १९५८ च्या ‘मोठ्या झेपे’च्या प्रचारचित्रांत अवाढव्य कणसे, अवाढव्य भाज्या आणि मुले स्वार होतील एवढे अवाढव्य मासे आले. आकृतीच्या दृष्टीने यांगल्यूछिंगचा बालक आणि ही चित्रे यांत सातत्य आहे. बदलला तो फक्त अर्थ, व्याकरणातला अर्थ. ‘उरो’ हे आता ‘उरले’ झाले. पूर्वीचे चित्र इच्छा बोलत होते. हे चित्र उत्पादनाचा अहवाल देत होते आणि अहवालाप्रमाणे धान्यवसुली होत होती. १९५९ ते १९६१ या वर्षांत चीनमध्ये जो दुष्काळ पडला, त्यात कोट्यवधी माणसे दगावली. फुगवलेल्या आकड्यांवरून गावांतील धान्य उचलले गेले, हे त्याच्या प्रमुख कारणांपैकी एक होय.

चित्रांनी दुष्काळ आणला, असे म्हणण्याचा येथे हेतू नाही. तसे म्हणणे कलेला नसलेले सामर्थ्य बहाल करणे होईल. परंतु आशीर्वचनाचे विधान करणारी वृत्ती आकड्यांत आणि चित्रांत एकच होती, एवढे नक्की. रिकाम्या कोठाराच्या दारावरील मासा ‘येथे नाही’ हे मान्य करूनच ‘येथे असो’ म्हणत होता. नव्या चित्रातल्या माशाने नसण्याची ती कबुलीच काढून घेतली. हुश्येन येथील शेतकरी चित्रकार दोंग जंगयी याचे १९७०च्या दशकातील ‘कम्यूनचे मत्स्यतळे’ हे चित्र याच स्वार्थी वृत्तीचे वारस आहे. जाळ्यात उसळणारी माशांची ती दाटी विलक्षण कौशल्याने रचलेली आहे. पण तिच्यात एकाही माशाला इच्छेपुरती जागा उरलेली नाही.

आपल्या समीक्षेपुरते यातून निघणारे सूत्र साधे आहे. चिन्हासमोर नाम लिहून थांबणारा कोश ‘मासा : विपुलता’ एवढे सांगतो आणि अशा नोंदीत बालकाच्या अस्थिकुंभावरील मासा, यांगल्यूछिंगचा मासा, बादाचा मासा आणि १९५८ चा मासा हे चारही सारख्याच सोयीने बसतात. त्यांना वेगळे करायचे असेल तर नामाकडून क्रियापदाकडे वळले पाहिजे. मराठी लोकसाहित्यातील आणि संतसाहित्यातील प्रतिमांचे अर्थ लावतानाही ‘हे कशाचे प्रतीक’ हा प्रश्न आपण सवयीने विचारतो. त्यापूर्वी ‘हे कोणत्या अर्थी बोलले आहे’ हा प्रश्न विचारणे अगत्याचे आहे. ओवीतील ‘असो’ आणि ‘आहे’ यांतला भेद आपल्या व्याकरणाने फार पूर्वी नोंदवून ठेवला आहे. समीक्षेने तो अद्याप पुरेशा गांभीर्याने घेतलेला नाही.